नवी जागा रोपाला मानवावी म्हणून

रोपवाटिकेतून आणलेले टवटवीत जास्वंदीचे रोप कुंडीत लावावे, भरपूर पाणी घालावे, वर मूठभर खत टाकावे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मान टाकलेली पाहावी, हा अनुभव बागकाम नव्याने सुरू केलेल्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. मग पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि तेवढ्याने भागत नाही असे दिसल्यावर आणखी खत. आठवडाभरात रोप वाळते आणि ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. हाताचा यात काही दोष नसतो. जागा बदललेल्या रोपाला नेमके काय झालेले असते हे ठाऊक नसल्यामुळे, आजारी नसलेल्याला औषध आणि भूक नसलेल्याला जेवण देण्याचा हा प्रकार असतो.

झाड पाणी घेते ते आपल्याला दिसणाऱ्या जाड मुळांनी नव्हे, तर त्या मुळांच्या टोकांजवळ असणाऱ्या केसांहून बारीक अशा मूलरोमांनी. हे मूलरोम म्हणजे मुळाच्या सालीतील एकेका पेशीला फुटलेले धागे असतात. रोप उपटताना, पिशवी फाडताना, मातीचा गोळा निखळताना ते सर्वांत आधी तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकीच राहतात आणि पर्णरंध्रांतून दिवसभर पाण्याची वाफ सोडत राहतात. आवक घटली आणि जावक तेवढीच राहिली, तर अशा घराचे जे होते तेच रोपाचे होते. अशा वेळी रोप पर्णरंध्रे मिटून घेते, पण ती मिटली की पानांत अन्न तयार होणेही मंदावते आणि नवी मुळे फुटण्यासाठी तर अन्न हवेच असते. पुढे सांगितलेली सगळी कामे या एकाच हिशेबातून निघतात. मुळांची आवक पूर्ववत होईपर्यंत पानांची जावक आटोक्यात ठेवायची, आणि जी थोडी मुळे शाबूत आहेत त्यांना श्वास घेता येईल असे वागायचे.

दिवस आणि वेळ

घाटमाथ्याच्या पूर्वेला, म्हणजे पुणे, अहिल्यानगर (नगर), नाशिक, मराठवाडा आणि विदर्भ या भागांत, पुनर्लागवडीला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे मृगाच्या सरी पडून जमीन थंडावल्यानंतरचा, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा. आकाश ढगाळ असते, हवेत ओलावा असतो आणि पानांची जावक आपोआप कमी राहते. कोकणात आणि गोव्यात मात्र जुलैच्या मुसळधार पावसात लावलेले रोप खड्ड्यात पाणी साचून कुजण्याची भीती असते. तिथे पावसाच्या अगदी सुरुवातीला तरी लावावे किंवा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात. मार्च ते मे हे महिने शक्य तर टाळावेत. एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्यात नवे रोप जगवणे अशक्य नाही, परंतु त्यासाठी जितकी राखण करावी लागते तितकी करण्याची सवड नोकरी करणाऱ्या माणसाला क्वचितच मिळते. हिवाळा वाईट नाही. थंडीत मुळे सावकाश वाढतात, पण पानेही फारसे पाणी मागत नाहीत. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते, तेव्हा त्याची कुंडीही बदलून घ्यावी. देवचाफा हिवाळ्यात निष्पर्ण असतो, त्याला हलवायचे तर त्याच दिवसांत हलवावे.

दिवसातली वेळ म्हणाल तर उन्हे कलल्यानंतरची, साडेचार-पाचच्या पुढची. संध्याकाळी लावलेल्या रोपाला उन्हाशी गाठ पडण्यापूर्वी एक सबंध रात्र मिळते. सकाळी उत्साहाच्या भरात लावलेल्या रोपाला चार तासांत दुपार गाठते.

आणल्याबरोबर लावू नये

रोप निवडताना फुलांनी लगडलेले न घेता ठेंगणे, फांद्या फुटलेले आणि कळ्या कमी असलेले घ्यावे. काळ्या पिशवीला दोन्ही हातांनी हलकेच दाबून पाहावे. आतला गोळा एकजीव लागला तर मुळांनी माती धरलेली आहे असे समजावे. पिशवी भुसभुशीत लागली आणि बुंधा धरून अलगद हलवल्यावर तो मातीत डुलू लागला, तर ते रोप नुकतेच कुठून तरी उपटून पिशवीत कोंबलेले असण्याचा संभव असतो. एका रोपवाटिकेतून मी असे पाच गुलाब आणले होते. घरी येऊन पहिल्या पिशवीला ब्लेड लावताच सगळी लाल माती ओट्यावर पसरली आणि हातात चार आखूड मुळे असलेली काडी तेवढी उरली. उरलेल्या चार पिशव्यांना मी हात लावला नाही, त्या तशाच महिनाभर सावलीत ठेवल्या आणि त्यांतले तीन गुलाब पुढे नीट लागले. तेव्हा अशी शंका आली तर पिशवी फोडण्याची घाई करू नये.

दुचाकीवरून रोप आणताना पायाशी ठेवून आणले, तरी अर्ध्या तासाच्या वाऱ्याने कोवळी पाने करपू शकतात. एखादी जुनी चादर किंवा मोठी कागदी पिशवी रोपावर चढवावी. घरी आणल्यावर ते पिशवीसकट चार ते सात दिवस, जिथे लावायचे आहे त्याच्या जवळपास, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावे. रोपवाटिकेत ते हिरव्या जाळीखाली, शेजाऱ्यांच्या दाटीत वाढलेले असते आणि आपली गच्ची म्हणजे त्याच्या दृष्टीने मोकळे माळरान असते. या दिवसांत पानांखाली मावा, पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी या किडीची बारीक जाळी आहे का तेही पाहून घ्यावे, कारण कीड काढायची असेल तर ती लावण्यापूर्वी काढलेली बरी.

वाफ्यात किंवा ट्रेमध्ये घरीच तयार केलेल्या भाजीच्या रोपांचा विचार थोडा वेगळा आहे. टोमॅटोचे रोप साधारण २५ ते ३० दिवसांचे, वांग्याचे ३० ते ३५ दिवसांचे आणि मिरचीचे ३५ ते ४५ दिवसांचे झाले की हलवण्याजोगे होते. त्याआधीचे चार-पाच दिवस पाणी कमी करून आणि रोज थोडे अधिक ऊन देऊन रोपे काटक करावीत, आणि उपटण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र वाफा भरपूर भिजवावा, म्हणजे मुळे न तुटता रोप सुटून येते. रोप उचलताना पान धरावे, खोड धरू नये. एखादे पान गेले तर नवे येते, चिमटलेले कोवळे खोड पुन्हा सरळ होत नाही. दुधी, काकडी, भोपळा, मेथी आणि कोथिंबीर यांची रोपे हलवण्याच्या फंदात न पडता बी थेट जागेवरच टोकावे.

हुंडी

मुळांसकटच्या मातीच्या गोळ्याला आपल्याकडे हुंडी म्हणतात. पुनर्लागवडीत हुंडी सांभाळण्याइतके महत्त्वाचे दुसरे काम नाही, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने सांगतो.

आपल्याकडच्या पिशव्यांत बहुधा चिकट लाल माती असते. ती वाळली की विटेसारखी टणक होते आणि वरून ओतलेले पाणी तिच्यात न शिरता पिशवीच्या कडेने खाली निघून जाते. उलट ती पूर्ण भिजून चिखल झालेली असली, तर पिशवी कापताच गोळा फुटतो. म्हणून लावण्याच्या आदल्या दिवशी पिशवी बादलीभर पाण्यात बुडवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवावी, मग बाहेर काढून रात्रभर निथळू द्यावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माती ओली असते पण हाताला चिकटत नाही, आणि त्याच अवस्थेत ती मुळांना धरून राहते.

पिशवी ओढून काढू नये. आधी तळ ब्लेडने गोल कापून घ्यावा, मग एका बाजूने वरपर्यंत चीर द्यावी, तळाला हाताचा पंजा लावून हुंडी खड्ड्यात किंवा कुंडीत टेकवावी आणि त्यानंतर पिशवी बाजूला सोलून घ्यावी. रोप बुंध्याला धरून उचलणे म्हणजे मांजराचे पिल्लू शेपटीने उचलण्यासारखे आहे. पिशवीसकट रोप पुरणारे लोकही मी पाहिले आहेत. पिशवीला भोके असल्यामुळे मुळे बाहेर येतील अशी त्यांची समजूत असते. एखादे मूळ येतेही, पण झाड दोन वर्षे आहे तेवढेच राहते आणि पुढे जोराच्या वाऱ्यात कलंडते.

हुंडी हातात आली की तिची बाजू पाहावी. तिथे मुळांनी गोल गोल वेढे घातलेले असतील, तर ती मुळे बोटांनी हलकेच मोकळी करावीत आणि मोकळी होत नसतील तर हुंडीच्या तीन-चार बाजूंना वरून खाली ब्लेडने अर्धा सेंटिमीटर खोल रेघ मारावी. मुळे तोडू नयेत असे आत्ताच सांगून लगेच ब्लेड हाती घ्यायला सांगणे विसंगत वाटेल. परंतु गोल फिरणारे मूळ नव्या मातीतही गोलच फिरत राहते, आणि कापलेल्या जागी मात्र त्याला बाहेरच्या दिशेने नवे फाटे फुटतात. हुंडी नुसती टणक असेल आणि मुळे दिसत नसतील, तर खुरप्याच्या टोकाने तिची बाहेरची कड थोडी खरवडावी. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेल्या काही रोपांच्या हुंडीत अगदी मध्यभागी कापडाची किंवा प्लॅस्टिकची बारीक जाळी निघते. सहज निघत असेल तर ती काढावी, निघत नसेल तर दोन ठिकाणी कापून तशीच राहू द्यावी.

बोगनवेल याला अपवाद आहे. तिची मुळे नाजूक असतात आणि हुंडी फुटली तर ती लवकर सावरत नाही, म्हणून तिच्या मुळांना न खरवडता हुंडी जशीच्या तशी बसवावी. पपईचेही तसेच.

खड्डा आणि कुंडी

जास्वंद, मोगरा, अनंत अशा झुडपांना दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो, आंब्याच्या कलमाला मीटरभराचा खड्डा घेण्याची पद्धत आहे. खड्ड्यातून निघालेल्याच मातीत तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून तो भरावा. नुसत्या खताने भरू नये, कारण खत कुजून खाली बसते आणि त्याबरोबर रोपही खोल जाते. शेणखत कुजलेले आहे की नाही हे नाकाने कळते. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे. अशा खताच्या आत उष्णता असते, वाळवी त्याकडे ओढली जाते आणि त्यातून पुष्कळदा हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या अळ्या बागेत येतात, ज्या मुळे कुरतडतात. खत पसरून हाताने पाहून घेण्याचा कंटाळा करू नये.

काळ्या जमिनीत एक वेगळी अडचण येते. खड्डा खणताना पहारीने आणि फावड्याने त्याच्या भिंती गुळगुळीत होतात, भुसभुशीत भरण घातलेला असा खड्डा पावसात मातीच्या रांजणासारखा भरून राहतो आणि मुळे गुदमरतात. म्हणून भिंती पहारीच्या टोकाने ओरबाडून खडबडीत कराव्यात, आणि रोप लावण्यापूर्वी खड्डा एकदा पाण्याने भरून पाहावा. संध्याकाळी भरलेले पाणी सकाळी जिरलेले नसेल, तर तिथे खड्ड्याऐवजी वीतभर उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर रोप लावावे.

खोली हा नवख्यांचा हमखास चुकणारा मुद्दा आहे. पिशवीत माती बुंध्याला जिथवर होती तिथवरच ती नव्या जागी यायला हवी. बुंधा खोल गेला की साल ओली राहून कुजते. कलमाचा जोड आणि गुलाबाचा भरलेला डोळा (खुंटावर, म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडावर, चांगल्या गुलाबाचा डोळा जिथे बसवलेला असतो ती जागा) मातीच्या चार बोटे तरी वर राहिला पाहिजे, आणि जोडाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच असेल आणि जोड पक्का झालेला असेल, तर ती सोडवून टाकावी, अन्यथा पुढे ती खोडात रुतते. टोमॅटोचे रोप मात्र खालची पाने काढून खुशाल खोल लावावे, कारण त्याच्या खोडाला जिथे माती लागते तिथे मुळे फुटतात.

कुंडी पिशवीपेक्षा दोन-तीन इंचच मोठी असावी. लहान रोपाला मोठी कुंडी देणे हा उदारपणा त्याला सोसत नाही, कारण मुळे पोहोचलेली नसलेली माती दिवसेंदिवस ओलीच राहते. तळाच्या भोकावर एक खापरी पालथी ठेवावी, तेवढे बस. खाली खडी किंवा विटांचे तुकडे भरल्याने निचरा सुधारतो असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही आणि खडीच्या वरचीच माती अधिक काळ चिंब राहते. मुळांची तेवढी जागा फुकट जाते ती वेगळीच. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची, म्हणजे गाळाची, माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग भिजवून पिळलेले कोकोपीट हे मिश्रण बहुतेक झाडांना चालते. कोकोपीट कोरडेच मिसळू नये. कोरडे असताना ते पाणी झिडकारते.

हुंडी बसवल्यावर चहूबाजूंनी माती घालून हाताच्या तळव्याने दाबावी, म्हणजे मुळांशी पोकळ्या राहत नाहीत. पायाने तुडवू नये.

पाणी

लावल्याबरोबरचे पहिले पाणी सढळ हाताने द्यावे. ते तहानेसाठी नसते, मातीचे कण मुळांशी नेऊन बसवण्यासाठी असते. झारीने सावकाश, दोन-तीन वेळा थांबत थांबत, कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे. माती खचली तर वरून थोडी भर घालावी. जमिनीतल्या रोपाभोवती हुंडीपेक्षा थोडे मोठे आळे करावे.

यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिल्या जाणाऱ्या पाण्याला शेतकरी आंबवणी म्हणतात. ऊस असो वा कांदा, लागवडीनंतर पहिले पाणी आणि मग हे आंबवणीचे पाणी, असा तो क्रम आहे. पहिल्या पाण्यानंतर जमिनीला थोडे सुकू द्यायचे हे शहाणपण त्यात आहे आणि कुंडीलाही ते लागू पडते, फक्त उन्हाळ्यात कुंडी लवकर सुकत असल्यामुळे तीन दिवसांचा एक दिवस होतो. दिवस मोजण्यापेक्षा वाफसा ओळखायला शिकणे केव्हाही चांगले. मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी उतरून तिथे हवा आलेली आहे आणि बारीक कणांना मात्र ओल धरून आहे, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि नवी पांढरी मुळे वाफशावरच फुटतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन इंच खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी. लाडू वळला आणि बोटांना चिखल लागला, तर पाणी देऊ नये. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकताच फुटला, तर वाफसा आहे, उद्या पाहावे. लाडूच वळला नाही, तर पाणी द्यावे. चिकट काळ्या मातीचा लाडू वाफशावरही जरा उशिरा फुटतो, एवढे तारतम्य ठेवावे.

इथे एक फसवणारी गोष्ट घडते. कुंडीतली नवी माती ओली आणि तिच्या आतली लाल हुंडी ठणठणीत कोरडी, असे पहिल्या पंधरा दिवसांत वारंवार होते, कारण मुळे अजून सगळी हुंडीतच असतात आणि तिथलेच पाणी ओढतात. बोट कडेच्या मातीत घालून ‘ओल आहे’ असे म्हणत राहिले, तर रोप पाण्याच्या शेजारी बसून तहानेने मरते. म्हणून बोट बुंध्याजवळ, हुंडीतच घालून पाहावे, आणि पहिले दोन-तीन आठवडे पाण्याची धारही बुंध्याजवळच, पण खोडावर न पडेल अशी सोडावी. पुढे मुळे पसरली की धार हळूहळू कडेकडे न्यावी.

रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर पाणी शिंपडण्याची सवय असेल तर ती मोडावी. तेवढे पाणी वरचा इंचभर थर भिजवते, वर शेवाळ धरते आणि खालची मुळे कोरडी राहतात. उन्हाळ्यात गच्चीवर नळी लावून पाणी देणाऱ्यांनी पहिले मिनिटभर पाणी हातावर घेऊन पाहावे. नळीत साचलेले पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्याइतके तापलेले असते आणि ते थेट नव्या मुळांवर जाते. कुंडीखालच्या बशीत साठलेले पाणी ओतून द्यावे.

जमिनीतल्या रोपाच्या आळ्यात वाळलेला पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा दोन-तीन इंच जाडीने अंथरावा. ऊन मातीला थेट लागत नाही आणि ओल टिकते. हे आच्छादन बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

सावली, वारा आणि आधार

पहिले सात ते दहा दिवस, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवस, दुपारचे ऊन रोपावर पडू देऊ नये. कुंडी असेल तर ती पूर्वेच्या, सकाळचे दोन तास ऊन येणाऱ्या जागी ठेवावी. जमिनीतल्या रोपाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंना दोन काठ्या रोवून त्यांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, जुने धोतर किंवा नारळाची झावळी बांधावी. वांगी-मिरचीच्या रोपांवर अकरा ते चार या वेळात बांबूची टोपली पालथी घालण्याची जुनी युक्ती आजही चांगली आहे. तिच्या फटींतून हवा आणि उजेड दोन्ही जातात. प्लॅस्टिकची बादली मात्र पालथी घालू नये, आत रोप शिजते. दहा दिवसांनंतर सावली एकदम काढू नये. पहिल्या दिवशी तासभर ऊन, मग दोन-तीन तास, असे करत आठवडाभरात रोप मोकळे करावे. सावलीत आलेली पाने पातळ असतात, ती एकाएकी उन्हात आली की त्यांवर पांढुरके, भाजल्यासारखे डाग पडतात.

ऊन सगळ्यांना दिसते, वारा दिसत नाही. उंच इमारतीच्या गॅलरीत वाऱ्यानेच अधिक पाणी उडते आणि डुलणाऱ्या रोपाची नवी मुळे रोज तुटतात. म्हणून हुंडी न भोसकता बाजूला काठी रोवावी आणि सुतळीने काठीला व खोडाला मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा. मराठी आठ इथे उपयोगाचा नाही.

कळ्या आणि फुले असतील तर ती खुडून टाकावीत. हे करताना हात कचरतो हे मला मान्य आहे, कारण फुलांसाठीच तर रोप आणलेले असते. पण फुलाला लागणारे पाणी आणि अन्न या काळात मुळांनाच जायला हवे. पाने मात्र सरसकट छाटू नयेत. हुंडी शाबूत असलेल्या रोपाला छाटणीची गरज नसते. जमिनीतून खणून काढलेल्या झाडाची गोष्ट निराळी, ती पुढे येते.

खत आणि औषधे

लावताना मातीत मिसळले तेवढे खत पहिल्या महिन्याला पुरेसे आहे. युरिया, डीएपी किंवा बाजारातली विद्राव्य खते या काळात देऊ नयेत. ती क्षारच असतात, आणि मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की जखमी मुळांना ते पाणी ओढून घेणे अधिक कठीण होते. सुकलेल्या रोपाला साखरेचे पाणी, ॲस्पिरिनची गोळी किंवा दूध देण्याचे सल्ले मिळतात, त्यांनी मुंग्या तेवढ्या येतात. पावसाळी हवेत मूळकुजीची भीती वाटत असेल, तर ट्रायकोडर्माची भुकटी गांडूळखतात मिसळून खड्ड्यात टाकणे उपयोगाचे ठरते. ते बुरशीला खाणारी बुरशी आहे, झाडाचे टॉनिक नव्हे.

जमिनीतले मुरलेले झाड हलवताना

घर बदलताना, भिंत बांधताना, कधी नुसतीच जागा चुकली म्हणून चार-पाच वर्षांचे झाड हलवावे लागते. याला तयारी दीड-दोन महिने आधीपासून करावी. बुंध्यापासून हात-दीड हात अंतरावर वर्तुळ आखावे आणि त्याच्या अर्ध्या परिघावर कुदळीने फूटभर खोल चर घेऊन मुळे धारदार हत्याराने कापावीत. चर सैल मातीने आणि शेणखताने भरून पाणी देत राहावे. तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा परीघ असाच करावा. कापलेल्या टोकांना हुंडीच्या आतच बारीक मुळांचे जाळे फुटते आणि तेच झाडाबरोबर नव्या जागी जाते. हलवण्याच्या दिवशी तळातली मुळे कापून हुंडीखाली ओले गोणपाट सरकवावे, त्याची मोट बांधावी आणि झाड गोणपाटाला धरून उचलावे. इथे मात्र फांद्यांची साधारण एक तृतीयांश छाटणी करावी, कारण मुळांचा मोठा भाग मागे राहिलेला असतो.

कढीपत्त्याने मला हे चांगले शिकवले. आमच्या जुन्या घरी मोठ्या झाडापासून चार फुटांवर एक छानसे कमरेइतके रोप उगवले होते. ते मी एप्रिलमधल्या एका सकाळी खणले, तेव्हा त्याला स्वतःचे असे जवळजवळ मूळच नव्हते. मोठ्या झाडाच्या आडव्या मुळाला फुटलेला तो धुमारा होता आणि आईच्याच जिवावर जगत होता. तो चार दिवसांत वाळला. पुढच्या वर्षी दुसऱ्या धुमाऱ्याच्या बाबतीत मी मेमध्ये फक्त आईकडचे मूळ कुदळीने तोडले, धुमारा जागीच ठेवून पाणी दिले, आणि आर्द्रा लागल्यावर तो उचलला. त्याने आधी सगळी पाने गाळली. पाच आठवडे नुसती काठी उभी होती, आणि मग बुंध्यापासून वीतभर उंचीवर एक लालसर कोंब दिसला.

रोप काय सांगते ते

दुपारी मान टाकलेले आणि सकाळी ताठ झालेले रोप ठीक आहे, त्याला सावली द्यावी, जास्तीचे पाणी नको. सकाळीही मान खालीच असेल तर हुंडीत बोट घालून पाहावे. कोरडी असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी. ओली असेल तर पाणी तोडावे, कुंडी उचलून हवेशीर सावलीत विटांवर ठेवावी, आणि मातीला आंबूस वास येत असेल तर रोप काढून तपकिरी, बोटांत सुटणारी मुळे कापून कोरड्या मातीत पुन्हा लावावे. खालची दोन-चार पाने पिवळी पडून गळणे स्वाभाविक आहे. शेंड्याची पाने काळवंडणे हे काळजीचे लक्षण आहे.

पाने गळालेले रोप टाकून देण्यापूर्वी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे. वरून तपकिरी असेल तर हिरवे लागेपर्यंत इंच-इंच खाली येत छाटावे आणि वाफशापुरते पाणी देत दोन महिने थांबावे. त्या काळात पाने नसल्यामुळे पाणी फारच कमी लागते, हे लक्षात न राहिल्याने पुष्कळ जिवंत काड्या कुजतात.

नवी पालवी दिसली म्हणजे मुळे धरली असे लगेच समजू नये, कारण पहिली दोन-तीन पाने खोडातल्या साठ्यावरही फुटतात. ती पाने पूर्ण आकाराची होऊन त्यांच्यापुढे आणखी कोंब आला, बुंधा अलगद हलवल्यावर तळातून अडल्यासारखा वाटला, की रोप लागले. तेव्हा पहिले खत द्यावे, तेही मूठभर गांडूळखत किंवा चार दिवस भिजवून गाळलेल्या शेणाचे चहाच्या रंगाइतके पातळ पाणी. गुलाबाच्या भरलेल्या डोळ्याच्या खालून फुटवा आला असेल, तर तो कितीही जोमदार दिसला तरी बुडापासून काढून टाकावा, कारण तो खुंटाच्या जंगली गुलाबाचा असतो आणि दोन महिन्यांत वरच्या विकत घेतलेल्या गुलाबाला मागे टाकतो.